बाजूचं पिंप

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी दादरला नात्यातल्या एका नव्या सुनेची मंगळागौर होती. पूर्वीसारखं रात्रभर जागरण आता कुणाला झेपत नाही आणि हॉलही अकरापर्यंतच मिळतो, त्यामुळे खेळ नऊलाच सुरू झाले. बाहेर पाऊस, आत चार पंखे फुल्ल, तरी नऊवारीतल्या सगळ्या पाठी भिजलेल्या. पत्री, उदबत्ती, घाम आणि गरम मसाला दूध यांचा एकत्र वास. मी भिंतीलगत खुर्ची धरून बसले होते, शेजारी माझी ताई. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी कुणी चुकलं की पहिली तीच बसल्या जागेवरून ओरडायची. मधल्या मोकळ्या जागेत तिची नात आणि तिची मामेबहीण फुगडी घालत होत्या. हात कैचीत, पायांचे चवडे एकमेकांना टेकलेले, दोघी मागे रेललेल्या. वेग इतका वाढला की दोन वेण्यांचा एकच फिरता पट्टा दिसू लागला. मग वेग उतरला, हसू फुटलं आणि ताईची नात धापा टाकत माझ्या शेजारी येऊन आदळली.

तिने दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. बांगड्या कातडीत रुतून लाल वळ उठले होते. "मावशीआजी, कुणीतरी मला मागून ओढत होतं गं. खरंच. सर सांगतात, गोल फिरताना फोर्स आत असतो, सेंट्रिपीटल. मग बाहेर कोण ओढत होतं?"

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलंय. हा प्रश्न मला झोपेत विचारला असता तरी उत्तर तयार होतं, आणि तेच मी दिलं. "तो स्यूडो फोर्स. आभासी बल. खरं नसतं ते."

"हं," ती म्हणाली. अंगठ्याने मनगटावरचा वळ दोनदा चोळला आणि दूध आणायला उठून गेली.

त्या "हं"ने मला रात्रभर झोपू दिलं नाही. वर्गात अशी शेकडो "हं" मी ऐकली असतील. मूल प्रश्न घेऊन येतं, आपण त्याच्या हातात एक शब्द ठेवतो आणि ते शब्द घेऊन परत जातं. प्रश्न जिथे होता तिथेच राहतो. पण या वेळी प्रश्न वहीतून आला नव्हता, मनगटातून आला होता. वळ खरे होते, दुखणं खरं होतं, आणि मी तिला सांगितलं की तुला जे जाणवलं ते खोटं. तीन दशकं मुलांना हे सांगताना एकदाही कुणाचं मनगट हातात घेऊन पाहिलं नाही. पहाटे तीनच्या सुमाराला खिडकीच्या पत्र्यावर पावसाची सर वाजत होती आणि मी अंधारात स्वतःचंच मनगट चाचपत होते.

तेवढ्यात गिरगावातलं पिंप आठवलं.

आमची चाळ तीन मजली होती. तिसऱ्या मजल्यावर दीड खोली, शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी आणि मोरीच्या कठड्यालगत पितळी पिंप. पहाटे पाणी यायचं तेव्हा आई ते काठोकाठ भरून ठेवायची आणि दिवसभर आम्हाला त्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. १९६९चा श्रावण असावा, मी नऊ वर्षांची, ताई चौदाची. आई खाली वाण्याकडे गेलेली. आम्ही दोघींनी बिछान्याची वळकटी कोपऱ्यात लोटली आणि फुगडी सुरू केली. ताई मोठी आणि वजनदार, त्यामुळे ती जवळजवळ जागच्या जागी गिरकी घेत होती आणि मी तिच्याभोवती लांब घेर घेऊन फिरत होते. खोली फिरायला लागली: खिडकी, दार, देव्हारा, पिंप, पुन्हा खिडकी. आणि घामाने हात सुटले. मी दारात जाऊन पडले. ताई पिंपावर. तिचा डावा दंड पिंपाच्या काठावर आपटला, दोन बांगड्या फुटल्या, काचेने दंड चिरला, आणि भरलेलं पिंप कलंडून तिसऱ्या मजल्यावरचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उतरलं. आई आली तेव्हा ताईने रडत एकच वाक्य सांगितलं: "हिने मला ढकललं." आईने मला मारलं. दंडाचं दुःख तिला जास्त की सांडलेल्या पाण्याचं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, पाण्याचंच असावं. नळ पुन्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच येणार होता.

मी ढकललं नव्हतं. हे मी किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. ताईच्या लग्नातही तो विषय निघाला होता. तिच्या दंडावर अजून पांढरी, बारीक, तिरपी रेघ आहे आणि त्या रेघेला आमच्या घरात माझं नाव आहे.

अकरावीत असताना एका दुपारी आमच्या सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, त्यावर एक ठिपका, आणि ठिपक्यातून वर्तुळाला नुसती शिवून जाणारी एक सरळ रेघ. दोरी तुटली तर दगड या रेघेवरून जाईल, ते म्हणाले. स्पर्शिकेवरून. केंद्रापासून सरळ मागे नाही, बाजूला. मी पेन खाली ठेवलं. मला फळ्यावर आमची खोली दिसायला लागली. हात सुटले त्या क्षणी ताईचं तोंड खिडकीकडे होतं, मी तिच्यासमोर खिडकीशी होते. तिच्या पाठीमागे भिंत होती, देव्हाऱ्याची. मी ढकललं असतं तर ती पाठीवर, त्या भिंतीवर गेली असती. ती गेली डाव्या हाताला, पिंपावर. आणि मी माझ्या डाव्या हाताला, दारात. दोघी विरुद्ध दिशांना, दोघी आपापल्या स्पर्शिकेवरून. सात वर्षांनी माझी सुटका झाली होती, आणि वर्गात कुणालाच ते माहीत नव्हतं. मी फिजिक्सकडे वळले त्याचं कारण कुणी विचारलं की मी वेगवेगळी कारणं सांगत आले. खरं कारण ती रेघ आहे.

त्या सरांनी पुढच्याच आठवड्यात तोच ठिपका पुन्हा काढला, पण या वेळी ठिपक्यावर उणे चिन्ह होतं आणि केंद्रात अधिक. दोरी नव्हती, हातही नव्हते. मला ते अतिशय अस्वस्थ करणारं वाटलं होतं. फुगडीत निदान कैची असते, तळहात तळहाताला भिडलेला असतो, घाम एकमेकींचा लागतो. इथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यामध्ये रिकामी जागा, आणि तरी ओढ. किती ओढ, हे कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली तारेला लटकवलेल्या हलक्या दांडीच्या पीळावरून मोजलं: अंतर दुप्पट केलं की ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. मला कूलोमबद्दल एक वेगळीच आपुलकी आहे, कारण दमट हवेने त्यालाही छळलं. विद्युतभार दिलेल्या वस्तूवरून तो हळूहळू गळून जातो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्या गळतीचाच त्याने स्वतंत्र अभ्यास केला. ज्याने मुंबईत जून ते सप्टेंबर विद्युतभार शिकवलाय त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आमचा तो धडा यायचाच पावसाळ्यात. एबोनाइटचा दांडा लोकरीवर घासून घासून हात भरून यायचे आणि कागदाचे कपटे टेबलावर मेल्यासारखे पडून राहायचे. प्रयोगशाळेतले काका लोकरीचं कापड सकाळपासून शंभरच्या बल्बखाली शेकत ठेवायचे. तरी सोन्याच्या वर्खाच्या विद्युतदर्शीतली, म्हणजे भार ओळखायच्या उपकरणातली, दोन पानं क्षणभर फाकायची आणि मुलांच्या डोळ्यांदेखत पुन्हा मिटत यायची, झोप आल्यासारखी. मी मुलांना म्हणायचे, जानेवारीत या, तेव्हा दाखवते. जानेवारीत खरोखरच दाखवायचे. कोरड्या सकाळी त्याच दांड्याला कपटे उड्या मारून चिकटायचे, आणि मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची.

पण अणूतली हवा दमट नसते. तिथे ती ओढ गळत नाही. हायड्रोजनच्या अणूत, जुन्या चित्राप्रमाणे, इलेक्ट्रॉन प्रोटॉनपासून ०.५३ अँगस्ट्रॉमवर फिरतो; अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. कूलोमचं सूत्र लावलं की ओढ येते ८.२ गुणिले १० चा उणे ८ वा घात न्यूटन, म्हणजे न्यूटनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी. मुलं हा आकडा काढून पुढच्या गणिताकडे जायची. मी त्यांना थांबवून विचारायचे, ज्याला ओढलं जातंय त्याचं वजन किती? मग ती भागाकार करायची आणि वर बघायची. इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ १ वर २२ शून्यं इतक्या पट ती ओढ आहे. एवढ्या ओढीने तो आत खेचला जातोय, आणि तो सेकंदाला सुमारे २२०० किलोमीटर वेगाने बाजूला पळतोय. या वेगाने मुंबईहून दिल्लीला सरळ रेषेत जाऊन परत यायला सेकंदभर लागेल. त्या चिमुकल्या घेरात एका सेकंदात ६६ कोटी कोटी फेऱ्या.

मुलं सर्वात जास्त कुठे चुकायची ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. उत्तरपत्रिकेत वर्तुळ, वर्तुळावर इलेक्ट्रॉन, आणि त्याला दोन बाण. एक आत, "विद्युत बल". एक बाहेर, "सेंट्रिफ्यूगल". दोन्ही सारख्या लांबीचे, पट्टीने आखलेले. खाली वाक्य: दोन्ही बलं समान व विरुद्ध असल्याने इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतो. मी लाल पेनने बाहेरचा बाण खोडायचे आणि एक मार्क कापायचे. का खोडला, ते लिहायला वेळ नसायचा. गठ्ठा संपवायचा असायचा. खरं तर तिथेच थांबून सांगायला हवं होतं की बाळा, दोन्ही बाण खरे असते तर ते एकमेकांना खाऊन टाकतील. मग त्या इलेक्ट्रॉनला कुणीच ओढणारं राहणार नाही, आणि ज्याला कुणीच ओढत नाही तो सरळ रेषेत निघून जातो. तुझ्या चित्रातला इलेक्ट्रॉन फिरणार नाही, तुझ्या कागदाच्या बाहेर जाईल. तो वळतोय याचा अर्थच असा की तिथे एकच बाण आहे आणि त्याच्याविरुद्ध कुणी उभं नाही. तो क्षणोक्षणी आत पडतोय. पण जितका आत पडतो तितकाच त्याच वेळात बाजूलाही सरकलेला असतो, म्हणून पडून पडून तो प्रोटॉनपर्यंत पोचत नाही. समीकरणात डाव्या बाजूला ओढ असते आणि उजव्या बाजूला वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. उजवी बाजू हे दुसरं बल नव्हे. त्या ओढीमुळे जे वळण घडलं, त्याचं ते मोजमाप आहे. बरोबरच्या चिन्हाने फसवलेली ती सगळी मुलं मला आता आठवतात. तो एकेक मार्क मी कापायला नको होता असं मी म्हणणार नाही, पण लाल रेघेशेजारी चार शब्द लिहायला हवे होते.

कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचा प्रवेगक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आहे, १९८८पासून चालू असलेला. एका वर्षी मुलांना घेऊन तो पाहायला गेले होते. उंच मनोरा, मधोमध १४० लाख व्होल्टपर्यंत भार चढवता येईल असं टर्मिनल. त्याच्यापर्यंत भार वाहून नेते धातूच्या गोळ्यांची एक साखळी, गोळ्यांमध्ये नायलॉनचे दुवे. वरून ऋण आयन, म्हणजे जास्तीचा इलेक्ट्रॉन असलेला अणू, सोडतात, धन टर्मिनल त्याला खाली ओढून घेतं. टर्मिनलमध्ये कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन सोलले जातात, तो धन होतो, आणि ज्याने ओढलं तोच आता त्याला ढकलतो. एकाच व्होल्टेजवर दोनदा वेग. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या, मनापासून. तळाशी एक जाडजूड चुंबक त्या सरळ खाली येणाऱ्या झोताला काटकोनात वळवतो. तिथे मी जरा जास्त वेळ उभी राहिले. एवढ्या वेगाने येणारा आयन, आणि त्याला बाजूने धरून हळूहळू कोपरा पार करायला लावणारं बल. वेगाला धक्काही लागत नाही, फक्त दिशा बदलते. जो आयन हवा त्याहून जड किंवा जास्त वेगाचा असेल तो वळणात पुरेसा वळत नाही, नळीच्या भिंतीवर जातो. त्यालाही बाहेर कुणी ओढलेलं नसतं. तो नुसता पुरेसा ओढला गेलेला नसतो.

पुढच्या वर्षी बारावीत हेच चित्र मोडायचं असतं, आणि दरवर्षी माझ्या पोटात तुटायचं. रदरफर्डने १९११मध्ये अणूच्या मधलं जड केंद्रक दाखवून दिलं, इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती फिरतात म्हणावं तर फिरणारा भार प्रकाश टाकत ऊर्जा गमावणार, आणि हिशोब केला तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दीड शतांश वेळात तो इलेक्ट्रॉन चक्राकार आत पडून अणू संपणार. माझं हाड, ही खुर्ची, मोरीचा कठडा, काहीही टिकायला नको होतं. १९१३मध्ये बोरने सांगितलं की काही ठरावीक कक्षांत तो प्रकाश टाकत नाही, आणि का टाकत नाही याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मग १९२५-२६मध्ये क्वांटम यांत्रिकी आली आणि कक्षाच गेली. राहिला तो शक्यतेचा ढग. मी वर्गात सांगायचे की आपण वर्षभर काढलेलं वर्तुळ अणूत नाही. काही मुलं रागवायची. त्यांचा राग मला रास्त वाटायचा. पण मी त्यांना हेही सांगायचे की फिरणारा भार प्रकाश टाकतो हे काही खोटं पडलेलं नाही. इंदूरला इंडस-२ नावाचं १७२.५ मीटर घेराचं कडं आहे, त्यात चुंबकांनी वळवलेले इलेक्ट्रॉन फिरतात आणि प्रत्येक वळणावर प्रकाश सांडतात. तोच प्रकाश घेऊन लोक पदार्थांच्या आत बघतात. आणि वर्तुळाचं चित्र चुकीचं असूनही त्यातलं काहीतरी इतकं खरं होतं की त्याने एक नवं द्रव्य दाखवून दिलं. ताई आणि मी फिरताना ताईही थोडी हलत होती; तसा इलेक्ट्रॉनबरोबर प्रोटॉनही हलतो, फक्त तो १८३६ पट जड असल्याने अगदी थोडा. केंद्रक दुप्पट जड असेल तर आणखी कमी हलेल आणि त्या अणूच्या प्रकाशाची रेषा केसभर सरकेल. १९३१मध्ये यूरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजनच्या रेषांना खेटून तशाच फिकट रेषा पाहिल्या, आणि जड हायड्रोजन सापडला. नऊ वर्षांच्या मुलीने घेर लांब घ्यायचा आणि मोठ्या बहिणीने जागच्या जागी डुलायचं, या एवढ्याशा फरकातून.

मंगळागौरीनंतरच्या रविवारी मी ताईकडे गोरेगावला गेले. नात घरी होती, समोर गणिताची वही उघडी. मी तिला म्हटलं, त्या दिवशी मी तुला नीट उत्तर दिलं नाही. ती जराशी लाजली. मोठ्या माणसाने असं म्हटलेलं तिला बहुधा फार ऐकायला मिळत नसावं. मी तिची मनगटं माझ्या हातात घेतली. वळ गेले होते. "हे बघ, फुगडीत तुझ्या मनगटाला प्रत्यक्ष शिवत होतं कोण?" "ताईचे हात," म्हणजे मामेबहिणीचे. "ते तुला कुठल्या दिशेला ओढत होते?" तिने विचार केला. "तिच्याकडे. म्हणजे आत." "आणि तुझ्या पाठीला कुणाचा हात लागला होता?" "कुणाचाच नाही." ती गप्प झाली, पण हे गप्प होणं त्या "हं"सारखं नव्हतं. मग हळू म्हणाली, "पण मी तर मागे चालले होते." मी म्हटलं, तू सरळ चालली होतीस. हात तुला दर क्षणी वळवत होते. तू स्वतः फिरत असताना सरळ जाणं तुला बाहेर जाण्यासारखं वाटतं, कारण तुझा मागे आणि तुझा पुढे हेही तुझ्याबरोबर फिरत असतात. दुखलं ते खरंच. दुखवलं ते आत ओढणाऱ्या हातांनी.

ताई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. वॉकर टेकत दारात आली. मी तिच्यासाठीही तेच बोलत होते हे तिला कळलं असावं. म्हणाली, "म्हणजे मी देव्हाऱ्यावर पडायला हवी होते, तू ढकललं असतंस तर?" मी मान हलवली. तिने बाहीखालून दंडावरची रेघ बोटाने चाचपली, बराच वेळ. "हात ओले होते तुझे," एवढंच म्हणाली. "तुझेही," मी म्हटलं.

नातीला आता करूनच बघायचं होतं. वेग आला की मुद्दाम हात सोडायचे, आणि कुठे जातो ते पाहायचं. माझ्याबरोबर नाही, माझं वय नाही. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला तिने फोन करून बोलावलं. ताईने दोघींना बजावलं, वेग फार नको, आणि आधी गाद्या घाला. पोरीने दिवाणावरची गादी ओढली, हॉलच्या मध्यभागी आपली जागा ठरवून उभी राहिली आणि गादी बरोबर आपल्या पाठीमागे टाकली. मैत्रीण समोर येऊन उभी राहिली, हात पुढे केले. पोरीने हात धरले, मागे रेलली, थांबली. हात सोडून मान वळवून गादीकडे पाहिलं. मग पायाने गादी सरकवत सरकवत तिने ती आपल्या डाव्या बाजूला नेऊन ठेवली.